स्लाइडवरचे ऑब्जेक्ट ग्रुप करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकृती काढायला अर्धा तास लागतो. मग ती जरा डावीकडे घ्यावी म्हणून सरकवायला जावं, तर दोन बाण आणि एक नाव जागच्या जागी राहतात. ग्रुप करायला हवं होतं हे बहुतेकांना तेव्हाच कळतं. मी शिकवणाऱ्यांसाठी स्लाइड तयार करून देते, आणि मला सगळ्यात जास्त विचारले जाणारे प्रश्न याच विषयावरचे असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण शक्यतो एकच ठेवलं आहे: जलचक्राची आकृती. समुद्र, सूर्य, ढग, डोंगर, चार बाण आणि प्रत्येकाचं नाव. शेपची आणि मेन्यूतल्या पर्यायांची नावं सॉफ्टवेअरमध्ये दिसतात तशीच लिहिली आहेत.

ग्रुप केल्यावर नेमकं काय होतं?

निवडलेले ऑब्जेक्ट (शेप, चित्रं, टेक्स्ट बॉक्स) एका अदृश्य चौकटीत बांधले जातात. सरकवणं, आकार बदलणं, फिरवणं, कॉपी करणं हे सगळं यापुढे एकदमच होतं. आतले शेप मात्र वितळून एक होत नाहीत. ढग ढगच राहतो, त्याचा रंग, त्याची रेघ, त्यातला मजकूर त्याच्याकडेच असतो. म्हणून ग्रुप केव्हाही सोडवता येतो आणि सगळे सुटे भाग परत हाती येतात.

काय ग्रुप करायचं हे ठरवताना मी एकच कसोटी लावते: हे भाग अर्थाने एक आहेत का? ढग आणि ‘ढग’ हे नाव एक आहेत, कारण ढग हलला तर नाव त्याच्याबरोबर जायलाच हवं. सूर्य आणि डोंगर शेजारी असले तरी एक नाहीत. नुसते जवळ आहेत म्हणून बांधलेले ग्रुप पुढे हमखास फोडावे लागतात, आणि त्रास खरा तिथून सुरू होतो. खालचे अर्धे प्रश्न त्याच त्रासाचे आहेत.

ग्रुप करायचा कसा?

कमीत कमी दोन ऑब्जेक्ट निवडा आणि उजव्या क्लिकच्या मेन्यूत ‘ग्रुप’ निवडा. ही वाट जवळपास सगळीकडे चालते. कीबोर्डवरून करायचं तर प्रत्येक सॉफ्टवेअरच्या कळा वेगळ्या आहेत.

विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये कंट्रोल + जी ने ग्रुप होतो आणि कंट्रोल + शिफ्ट + जी ने सुटतो. मॅकवरच्या पॉवरपॉइंटमध्ये आणि कीनोटमध्ये कमांड + ऑप्शन + जी, सोडवायला त्यात शिफ्ट मिळवायचं. गूगल स्लाइड्समध्ये कंट्रोल + ऑल्ट + जी, आणि सोडवायला पुन्हा शिफ्ट जोडून. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये कंट्रोल + शिफ्ट + जी ने ग्रुप होतो. पॉवरपॉइंटमध्ये ग्रुप सोडवणारी कळ ती हीच, त्यामुळे दोन्ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. इम्प्रेसमध्ये सोडवण्याची कळ कंट्रोल + ऑल्ट + शिफ्ट + ए आहे.

निवडताना काहीतरी सुटतंच. सगळं पकडायचं कसं?

शिफ्ट दाबून एकेकावर क्लिक करणं ही पहिली रीत. दुसरी म्हणजे रिकाम्या जागेवरून माउस ओढून सगळ्यांभोवती चौकट टाकणं. पॉवरपॉइंटमध्ये ती चौकट ऑब्जेक्टला पूर्ण वेढणारी हवी. बाणाचं टोक तिच्या बाहेर राहिलं तर बाण निवडला जात नाही, आणि ‘सुटतंच’ अशी जी तक्रार असते तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. चौकट जरा लांबून सुरू करा.

गर्दीची स्लाइड असेल तर पॉवरपॉइंटमध्ये ऑल्ट + एफ१० दाबा. उजवीकडे ‘सिलेक्शन पेन’ उघडतं आणि स्लाइडवरच्या प्रत्येक ऑब्जेक्टचं नाव यादीत दिसतं. कंट्रोल धरून यादीतली हवी ती नावं निवडायची. एकाखाली एक दडलेले शेप पकडायला याहून चांगली सोय नाही.

ग्रुपचं बटण धूसर दिसतं, दाबलंच जात नाही. का?

एकच ऑब्जेक्ट निवडला असेल तर ते साहजिक आहे. दोन-चार निवडूनही बटण जागं होत नसेल, तर निवडीत असं काहीतरी आलंय ज्याचा ग्रुप होत नाही.

पॉवरपॉइंटमध्ये मुख्य गुन्हेगार प्लेसहोल्डर असतो. ‘क्लिक टू अ‍ॅड टायटल’ असं लिहिलेली, लेआउटमधली (स्लाइडच्या तयार मांडणीतली) चौकट म्हणजे प्लेसहोल्डर. ती रिकामी असली, कोपऱ्यात असली, डोळ्यांना जाणवत नसली तरी कंट्रोल + ए दाबल्यावर बाकीच्यांसोबत तीही निवडली जाते, आणि तिच्यामुळे सगळ्यांचा ग्रुप अडतो. शिफ्ट धरून तिच्यावर एक क्लिक करा म्हणजे ती निवडीतून बाहेर पडेल. शीर्षक खरंच आकृतीसोबत बांधायचं असेल, तर त्यातला मजकूर साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये घ्या. माझ्या मते मात्र शीर्षक प्लेसहोल्डरमध्येच राहू द्यावं. आउटलाइनमध्ये ते तिथूनच येतं आणि स्क्रीन रीडरलाही (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) स्लाइडचं नाव तिथूनच मिळतं.

दुसरा अडथळा टेबलचा. पॉवरपॉइंट टेबल ग्रुपमध्ये घेत नाही. गूगल स्लाइड्समध्येही टेबल, व्हिडिओ आणि प्लेसहोल्डर यांचा ग्रुप होत नाही. टेबल आकृतीबरोबर हलायलाच हवं असेल, तर त्याची एक प्रत कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’ने चित्र म्हणून चिकटवा आणि त्या चित्राचा ग्रुप करा. मूळ टेबल फाइलच्या शेवटी एका लपवलेल्या स्लाइडवर ठेवा. आकडे बदलले की तेच कामाला येतं. कीनोटमध्ये बटण धूसर असेल तर आधी एखादा ऑब्जेक्ट लॉक तर नाही ना ते बघा.

आणि दोन वेगवेगळ्या स्लाइडवरच्या गोष्टींचा ग्रुप कुठेच होत नाही. ग्रुप नेहमी एका स्लाइडपुरता.

ग्रुपमधला एकच शब्द चुकलाय. ग्रुप फोडावा लागेल का?

नाही, आणि फोडूही नका. पॉवरपॉइंटमध्ये ग्रुपवर एकदा क्लिक केलं की पूर्ण ग्रुप निवडला जातो. मग आतल्या हव्या त्या शेपवर पुन्हा क्लिक केलं की तेवढाच निवडला जातो. बाहेर ग्रुपची चौकट फिकट दिसत राहते आणि आत शेपची स्वतःची चौकट उमटते. या अवस्थेत रंग बदला, मजकूर दुरुस्त करा, शेप सरकवा, डिलीटसुद्धा करा. गूगल स्लाइड्स आणि कीनोटमध्ये आत शिरायला डबल क्लिक करायचं.

इम्प्रेसमधली सोय मला सगळ्यात आवडते. ग्रुपवर डबल क्लिक करा किंवा एफ३ दाबा, म्हणजे तुम्ही ग्रुपच्या ‘आत’ जाता आणि बाहेरचं सगळं फिकट होतं. आपण कुठे काम करतोय हे डोळ्यांना दिसत राहतं. बाहेर यायला कंट्रोल + एफ३.

ग्रुप फोडला आणि अ‍ॅनिमेशन नाहीसं झालं. परत कसं आणू?

लगेच लक्षात आलं असेल तर कंट्रोल + झेड. ग्रुप आणि अ‍ॅनिमेशन दोन्ही परत येतात. मधे वीस गोष्टी केल्या असतील आणि फाइल बंद करून पुन्हा उघडली असेल, तर ते पुन्हा लावावं लागतं.

असं होण्यामागचं कारण समजलं की पुढे चूक होत नाही. पॉवरपॉइंटच्या दृष्टीने ग्रुप हा स्वतंत्र ऑब्जेक्ट असतो आणि अ‍ॅनिमेशन त्या ऑब्जेक्टला लावलेलं असतं. ग्रुप फोडला की तो ऑब्जेक्टच उरत नाही, मग त्याचं अ‍ॅनिमेशन कुणाला चिकटून राहणार? उलट दिशेनेही हेच होतं. चार बाणांना एकामागून एक येण्याचं अ‍ॅनिमेशन दिलं आणि मग त्यांचा ग्रुप केला, तर ती चारही अ‍ॅनिमेशनं पुसली जातात. कुठलाही इशारा येत नाही. स्लाइड दिसायला अगदी आधीसारखीच असते, म्हणून कळतं ते थेट लोकांसमोर.

माझ्याच बाबतीत एकदा हे घडलं. सकाळी व्याख्यान होतं आणि आदल्या रात्री एका नावातली वेलांटी सुधारायला मी जलचक्राचे सगळे छोटे ग्रुप फोडले, सुधारणा केली, पुन्हा बांधले आणि फाइल पाठवून दिली. बाष्पीभवनाची गोष्ट सांगता सांगता पाऊस शेवटी यायचा होता. वक्त्यांनी स्लाइड उघडली तेव्हा सूर्य, ढग, पाऊस सगळं एकदम समोर उभं. दोन क्लिकमध्ये आत जाऊन वेलांटी सुधारता आली असती. तेव्हापासून ग्रुपला हात लावला की ती स्लाइड मी एकदा शिफ्ट + एफ५ ने चालवून बघते. या कळांनी स्लाइड शो चालू स्लाइडपासूनच सुरू होतो.

फोडणं अटळच असेल तर ‘अ‍ॅनिमेशन पेंटर’ वापरा. पॉवरपॉइंटमध्ये तो २०१० च्या आवृत्तीपासून आहे. आधी स्लाइडच्या कडेला एक साधा चौकोन काढा. ग्रुप निवडून पेंटर उचला आणि त्या चौकोनावर क्लिक करा, म्हणजे ग्रुपचं अ‍ॅनिमेशन चौकोनाकडे जमा होतं. आता ग्रुप फोडा, काम करा, पुन्हा बांधा, आणि पेंटरनेच चौकोनावरचं अ‍ॅनिमेशन नव्या ग्रुपवर आणा. मग चौकोन पुसून टाका. वेळ आणि परिणाम तसेच येतात, पण क्रम अ‍ॅनिमेशन पेनमध्ये तपासून घ्यावा लागतो, कारण नवं अ‍ॅनिमेशन यादीत सगळ्यात शेवटी बसतं.

मग ग्रुपमधल्या एकेका भागाला वेगळं अ‍ॅनिमेशन देता येईल का?

पॉवरपॉइंटमध्ये नाही. ग्रुप एकत्र येतो, एकत्र जातो. म्हणून बांधायच्या आधी प्रश्न विचारायचा: हे भाग पडद्यावर एकाच क्षणी यायचे आहेत का? ढग आणि त्याचं नाव एकदम यायचे असतील तर त्यांचा एक ग्रुप. बाण नंतर येणार असेल तर तो बाहेर. अशा रीतीने पूर्ण जलचक्राचे सहा-सात छोटे ग्रुप होतात आणि प्रत्येकाला आपापलं अ‍ॅनिमेशन मिळतं. क्रम लक्षात ठेवा: आधी जुळवाजुळव, मग ग्रुप, अ‍ॅनिमेशन सगळ्यात शेवटी.

‘रीग्रुप’ कशासाठी असतं?

फोडलेला ग्रुप पूर्वीसारखा बांधायला. जुन्या ग्रुपमधला कुठलाही एक शेप निवडायचा आणि रीग्रुप म्हणायचं, बाकीचे सोबती सॉफ्टवेअर स्वतः शोधून आणतं. बारा तुकडे पुन्हा एकेक निवडायचा त्रास वाचतो. पॉवरपॉइंटमध्ये विंडोजवर कंट्रोल + शिफ्ट + जे, मॅकवर कमांड + ऑप्शन + जे. गूगल स्लाइड्समध्येही हा पर्याय आहे. गेलेलं अ‍ॅनिमेशन मात्र रीग्रुपने परत येत नाही, आणि फाइल बंद करून उघडल्यावर त्याच्या भरवशावर राहू नका.

ग्रुप केल्यावर मधलं एक चित्र गायब झालं. कुठे गेलं?

गेलं कुठेच नाही, मागे दडलं आहे.

स्लाइडवरचे ऑब्जेक्ट एकावर एक ठेवलेल्या कागदांसारखे असतात. समजा सगळ्यात खाली समुद्राचा निळा शेप आहे, त्यावर छोटी होडी, आणि तिच्याही वर ‘समुद्र’ हे नाव. आता तुम्ही समुद्र आणि नाव यांचा ग्रुप केलात, होडी बाहेर ठेवलीत. थप्पीत ग्रुपला एकच जागा मिळते. होडी त्याच्या पोटात राहू शकत नाही. ती एकतर पूर्ण ग्रुपच्या वर जाणार, नाहीतर पूर्ण खाली. पॉवरपॉइंट ग्रुपला त्यातल्या सगळ्यात वरच्या ऑब्जेक्टच्या जागी नेऊन बसवतं. म्हणजे निळा समुद्र नावासोबत वर उचलला गेला आणि होडी त्याच्या मागे झाकली गेली.

उपाय दोन आहेत. होडी अर्थाने समुद्राचाच भाग असेल तर तिलाही ग्रुपमध्ये घ्या. आतला वर-खाली क्रम जसाच्या तसा टिकतो. तिला वेगळं अ‍ॅनिमेशन द्यायचं असल्यामुळे ती बाहेर हवी असेल, तर ग्रुप ‘सेंड बॅकवर्ड’ने मागे न्या किंवा सिलेक्शन पेनच्या यादीत होडीचं नाव ओढून ग्रुपच्या वर ठेवा. त्या यादीत जे वर दिसतं तेच स्लाइडवरही वर असतं.

ग्रुप लहान केला तर शेप लहान झाले, अक्षरं तेवढीच राहिली. असं का?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच असावा, आणि याचं उत्तर फाइलच्या आत दडलेलं आहे.

पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये प्रत्येक ग्रुपबद्दल दोन मापं लिहिलेली असतात. ग्रुप स्लाइडवर कुठे आणि केवढा आहे हे एक माप. आणि ग्रुपच्या आतली स्वतःची मोजपट्टी केवढी आहे हे दुसरं. आतले शेप त्या आतल्या पट्टीवर मांडलेले असतात. ग्रुप निम्मा केला की पट्टीचं गुणोत्तर बदलतं आणि शेपची लांबी, रुंदी, जागा सगळं त्या प्रमाणात आक्रसतं. पण अक्षरांचा आकार पॉइंटमध्ये लिहिलेला असतो. १८ पॉइंट म्हणजे १८ पॉइंट, त्याचा त्या पट्टीशी संबंधच नाही. रेघांच्या जाडीचंही तेच. म्हणून आकृती निम्मी होते, बाण तेवढेच जाड राहतात आणि ‘बाष्पीभवन’ हा शब्द चौकटीबाहेर सांडतो.

माझी रीत अशी: ग्रुप कोपऱ्याच्या ठिपक्याला धरून शिफ्ट दाबून लहान करते, म्हणजे प्रमाण बिघडत नाही. मग ग्रुप तसाच निवडलेला ठेवून विंडोजवर कंट्रोल + शिफ्ट + < दाबत जाते. आतला सगळा मजकूर एकेक पायरी उतरतो. मोठा-लहान असा फरक असलेला मजकूर आपापला फरक ठेवून उतरतो. वाढवायला > चं चिन्ह. रेघांची जाडी त्यानंतर एकदाच, पूर्ण ग्रुप निवडून.

आकृतीत यापुढे काहीच बदलायचं नसेल तर तिची प्रत कॉपी करून चित्र म्हणून चिकटवता येते. चित्रात अक्षरं आणि रेघा सगळं एकाच प्रमाणात लहान-मोठं होतं. पण त्या चित्रातली चूक सुधारता येत नाही आणि स्क्रीन रीडरला त्यातली अक्षरं वाचता येत नाहीत. मी हा मार्ग शेवटचा म्हणून ठेवते, आणि मूळ ग्रुप कुठेतरी जपूनच.

सगळे निवडून फिरवले आणि ग्रुप करून फिरवले, यात फरक काय?

मोठा फरक आहे. ग्रुप न करता चार बाण निवडून फिरवले तर पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक बाण आपल्याच मध्याभोवती फिरतो, जागा सोडत नाही. ग्रुप करून फिरवला तर पूर्ण मांडणी एका मध्याभोवती फिरते. पहिली रीत एकसारख्या बाणांची दिशा बदलायला उपयोगी, दुसरी आकृतीच तिरपी करायची असेल तेव्हा.

चार ढग समान अंतरावर लावायचे आहेत, पण त्यांची नावं इकडे-तिकडे जातात.

प्रत्येक ढग त्याच्या नावासोबत आधी ग्रुप करा, मग चारही ग्रुप निवडून ‘अलाइन’मधलं ‘डिस्ट्रिब्यूट हॉरिझाँटली’ वापरा. प्रत्येक ग्रुप एक ऑब्जेक्ट म्हणून मोजला जातो, त्यामुळे नाव ढगाला सोडत नाही. एकच ग्रुप निवडून ‘अलाइन सेंटर’ केलं तर तो स्लाइडच्या मध्यावर येतो. अंतरं असमान वाटत असतील तर एखाद्या ग्रुपची चौकट नावाच्या टेक्स्ट बॉक्समुळे रुंद झालेली असते: बॉक्सच्या उजवीकडची रिकामी जागाही मोजली जाते. बॉक्स मजकुरापुरता आखडून घ्या.

ग्रुपच्या आत ग्रुप चालतो का?

चालतो. फोडताना एकेक थर उघडतो: बाहेरचा फोडला की आतले शाबूत राहतात. दोन थर पुरतात. तिसरा थर आला की कुठल्या क्लिकला काय निवडलं जाईल याचा अंदाज चुकायला लागतो.

आधीच्या ग्रुपमध्ये नवा बाण घालायचा आहे.

इम्प्रेसमध्ये सोपं आहे: डबल क्लिकने ग्रुपच्या आत जा आणि बाण तिथेच काढा, तो ग्रुपचा होतो. पॉवरपॉइंटमध्ये सरळ वाट म्हणजे जुना ग्रुप आणि नवा बाण एकत्र निवडून त्यांचा बाहेरून एक ग्रुप करणं. आत एक थर वाढतो, पण जुना ग्रुप फोडावा लागत नाही. थर नको असेल तर फोडून सगळे एकत्र बांधा. दोन्ही वाटांनी ग्रुपवरचं अ‍ॅनिमेशन जातं, म्हणून आधी अ‍ॅनिमेशन पेंटरने ते बाजूला काढून ठेवा.

ग्रुप आणि ‘मर्ज शेप्स’ एकच का?

नाही. ग्रुप म्हणजे सुटी फुलं एका दोऱ्यात ओवणं. दोरा काढला की फुलं परत सुटी. मर्जमध्ये शेपच्या कडाच नव्याने आखल्या जातात आणि एक नवा शेप तयार होतो. तीन वर्तुळं आणि एक आडवा गोलसर चौकोन ‘युनियन’ने जोडून ढग करणं हे मर्जचं काम. पॉवरपॉइंटच्या रिबनवर हा पर्याय २०१३ च्या आवृत्तीपासून दिसतो. कंट्रोल + झेडची सोय संपली की मर्ज उलटवता येत नाही, म्हणून मूळ वर्तुळांची प्रत स्लाइडबाहेर ठेवून मगच करा.

बाहेरून आणलेलं चित्र किंवा स्मार्टआर्ट फोडून त्याचे भाग वेगळे करता येतात का?

स्मार्टआर्ट, म्हणजे पॉवरपॉइंटमधली तयार साच्याची आकृती, फोडता येतं. ‘कन्व्हर्ट टू शेप्स’ केलं की त्याचा साधा ग्रुप होतो, मग तो नेहमीसारखा फोडता येतो. त्यानंतर मात्र मजकूर वाढवला की चौकटी आपोआप जुळत नाहीत. एसव्हीजी प्रकारचे, म्हणजे रेघा आणि आकारांनी बनलेले, आयकॉनही शेपमध्ये बदलून फोडता येतात. फोटो, म्हणजे जेपीजी किंवा पीएनजी, फुटत नाही. त्यात शेप नसतातच, नुसते ठिपके असतात.

‘ग्रुप ७’, ‘ग्रुप १२’ अशा नावांमधून आपला ग्रुप कसा ओळखायचा?

सिलेक्शन पेनमध्ये नावावर दोनदा क्लिक करून ‘ढग आणि नाव’, ‘पावसाचे बाण’ असं काहीतरी लिहा. दहा सेकंदांचं काम आहे. अ‍ॅनिमेशन पेनमध्येही हीच नावं दिसतात, आणि आठ हालचालींचा क्रम लावताना त्यांचं मोल कळतं. नावाशेजारच्या डोळ्याने ग्रुप तात्पुरता लपवून मागच्या शेपवर काम करता येतं. काम झालं की डोळा पुन्हा उघडा: लपवलेला ग्रुप स्लाइड शोमध्येही दिसत नाही.

‘मॉर्फ’ ट्रान्झिशन (एका स्लाइडवरचा ऑब्जेक्ट पुढच्या स्लाइडवरच्या रूपात हळूहळू बदलत नेणारा परिणाम) वापरत असाल तर दोन्ही स्लाइडवरच्या ग्रुपला एकच नाव द्या आणि सुरुवातीला दोन उद्गारचिन्हं लावा, ‘!!ढग’ असं. मग कुणाचं रूपांतर कुणात करायचं हे पॉवरपॉइंटला अचूक कळतं.

न बघता ऐकून स्लाइड समजून घेणाऱ्यांना ग्रुपचा फायदा होतो का?

खूप होतो, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात याचं मला वाईट वाटतं. आकृतीत अठरा सुटे शेप असतील तर स्क्रीन रीडर ‘बाण’, ‘आयत’, ‘बाण’ असं करत त्या अठरांमधून जातो. ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पूर्ण आकृतीचा ग्रुप करून त्याला एक ऑल्ट टेक्स्ट (स्क्रीन रीडर वाचून दाखवतो ते चित्राचं लेखी वर्णन) दिलं तर चित्र शब्दांत उभं राहतं. ‘जलचक्राची आकृती’ एवढंच लिहून थांबू नका. ‘सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वर जाऊन तिचे ढग बनतात, डोंगरावर पाऊस पडतो आणि पाणी नदीतून समुद्राला मिळतं’ असं लिहा. आकृती पाहणाऱ्याला जे कळतं तेच ऐकणाऱ्यालाही कळायला हवं.

वाचनाचा क्रमही बघा. पॉवरपॉइंटमध्ये सिलेक्शन पेनची यादी खालून वर वाचली जाते, त्यामुळे आधी वाचायचा ऑब्जेक्ट यादीत खाली हवा. प्रत्येक भागाला वेगळं अ‍ॅनिमेशन असल्यामुळे एक मोठा ग्रुप करता येत नसेल, तर प्रत्येक छोट्या ग्रुपला त्याच्यापुरतं वर्णन द्या.

ग्रुप केलेला लोगो सगळ्या स्लाइडवर हवा आहे.

स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइड ज्यावर बेतलेल्या असतात त्या मूळ साच्यात, एकदाच ठेवा. प्रत्येक स्लाइडवर पेस्ट करत बसू नका.

दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट केल्यावर रंग बदलले.

ग्रुपला काही झालेलं नाही. त्याचे रंग थीममधून (फाइलच्या ठरलेल्या रंगसंगतीतून) घेतलेले होते आणि नव्या फाइलची थीम वेगळी आहे. पेस्ट करताना ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ निवडा.

ग्रुप केलेल्या चौकोनांवर एकच फोटो पसरवता येतो का?

पॉवरपॉइंटमध्ये येतो, आणि दिसतोही देखणा. सहा चौकोन थोडं अंतर ठेवून मांडा, ग्रुप करा, ग्रुप निवडलेला असतानाच ‘फॉरमॅट शेप’मधून फिल म्हणून फोटो द्या. फोटो सहा वेळा न येता सहाही चौकोनांवर मिळून एकदाच पसरतो, खिडकीच्या तावदानांतून बाहेरचं दृश्य दिसावं तसा. ग्रुप न करता फोटो दिला तर प्रत्येक चौकोनात पूर्ण फोटो दाबून बसतो.

ग्रुप करूनही कुणाच्या तरी हातून हलतोच. पक्का कसा करू?

ते ग्रुपचं काम नाही, लॉकचं आहे. पॉवरपॉइंटच्या नव्या आवृत्त्यांत सिलेक्शन पेनमधल्या नावाशेजारी कुलूप दिसतं, तिथून ग्रुप लॉक करा. कीनोटमध्ये कमांड + एल. जुनी आवृत्ती असेल आणि आकृती न बदलणारी असेल, तर ती त्या स्लाइडच्या लेआउटमध्ये नेऊन ठेवा. नेहमीच्या दृश्यात तिच्यावर क्लिक केलं तरी ती निवडलीच जात नाही. मात्र लेआउटमधल्या गोष्टींना अ‍ॅनिमेशन दिलं तर ते त्या लेआउटच्या प्रत्येक स्लाइडवर चालतं, म्हणून अशा आकृतीसाठी वेगळा लेआउट करून घ्या.